एका दिवसाचा पास

आमच्या वर्गातली एक मैत्रीण जपानी भाषेचा वर्ग करते. ऑफ पीरियडला ती वही उघडून बसते आणि आम्हा अज्ञ जनांना जपानच्या गोष्टी सांगते. एकदा तिने तिकडच्या रेल्वेची गंमत सांगितली. ओसाका, क्योटो आणि कोबे ही शहरे एकमेकांच्या शेजारी वसलेली आहेत. ओसाका ते क्योटो हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे, कोबे त्याहूनही जवळ. तिथल्या हान्क्यूसारख्या रेल्वे कंपन्या एका दिवसाचा पास विकतात. सकाळी तो घ्यायचा आणि मग त्या कंपनीच्या गाडीत दिवसभर कितीही वेळा चढायचे, कितीही वेळा उतरायचे. सकाळी क्योटोची देवळे, दुपारी ओसाका, संध्याकाळी कोबेचे बंदर!

"आपल्याकडे असे काही पाहिजे होते," मी सुस्कारा सोडला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "आहे की! पीएमटीचा डेली पास. बसने कधी फिरली असशील तर माहीत असणार!"

टोमणा वर्मी बसला. मी दांडेकर पुलाजवळ राहते आणि कॉलेजला चालत येते. बसने फिरण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि आला तरी 'फिरणे' असे त्याला म्हणता येत नाही. कुणाला ससूनमध्ये भेटायला जायचे असते, नाहीतर लग्नाला जायचे असते. म्हणजे जिथे काम असते तिथपर्यंतचे तिकीट काढायचे, तिथे उतरायचे, आणि काम झाले की परत घरी.

त्या दिवशी मी मुद्दाम चौकशी केली. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ साली एक होऊन पीएमपीएमएल झाली, तरी पुणेकर तिला अजून पीएमटीच म्हणतात. या एकत्र झालेल्या बसचा एका दिवसाचा पास खरोखरच आहे, आणि तो कंडक्टरकडेच मिळतो. पूर्वी एका महापालिकेच्या हद्दीसाठी चाळीस रुपये आणि दोन्हींसाठी पन्नास रुपये पडत. १ जून २०२५ पासून भाडेवाढ झाली आणि दोन्ही शहरांसाठी मिळून सत्तर रुपयांचा एकच पास झाला. साधे तिकीट पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, दहापर्यंत वीस, पंधरापर्यंत तीस, असे टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

मी वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडला. दांडेकर पुलावरून मनपा, तिथून आगाखान पॅलेस, परत मनपा, मग चिंचवड, निगडी, परत पुणे आणि शेवटी सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान. सुट्या तिकिटांचे माणशी दीडशेच्या वर होत होते. पासाने सत्तर! निम्म्याहून अधिक वाचत होते. पण बेरीज करताना माझ्या लक्षात आले, की मी एक गोष्ट दोनदा लिहिली होती. 'माणशी'च्या पुढे मी नकळत दोनने गुणले होते. दुसरे माणूस कोण, हे मला मनात आधीच ठाऊक होते.

आई पुण्यात येऊन एकोणीस-वीस वर्षे झाली. तिचे पुणे म्हणजे आमची खोली, सहकारनगरातली चार घरे जिथे ती धुणीभांडी करते, मंडई, रेशनचे दुकान आणि वर्षातून एकदा गणपती. करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावची पाहुणी मंडळी "तुमचं काय बाबा, तुम्ही पुण्याचे!" असे म्हणतात, तेव्हा ती नुसती हसते. शनिवारवाड्याच्या समोरून ती अनेकदा गेली असेल, पण समोर उभी राहिली नव्हती.

मी तिला म्हटले, "आई, एक रविवार सुट्टी काढ. तुला पुणे दाखवते."

"कशापायी पैसे घालवती? पुन्यातच तर हाय मी."

मी तिला हिशोब दाखवला. तिला अंक वाचता येतात. तिने दोन्ही रकमा पाहिल्या आणि म्हणाली, "हे बरं हाय. एवढ्यात कुटं बी उतरायचं?"

"कुठेही."

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. आईने लग्नकार्याची साडी नेसली होती आणि पिशवीत भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेतली होती. दोघींची आधार कार्डे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचली होती. कंडक्टरने मशीनमधून दोन पास काढून दिले. आईने विचारले, "यष्टीत बायांना अर्धं तिकीट असतं, हितं न्हाई का?"

"मावशी, ही यष्टी न्हाई, पीएमटी हाय," कंडक्टर म्हणाला आणि बसमधले चार जण हसले. आईसुद्धा हसली. तो पातळ कागद तिने आधार कार्डाच्या पिशवीत जपून ठेवला.

मनपाला उतरून नव्या पुलावरून आम्ही शनिवारवाड्यापाशी गेलो. मी तयारी करून आले होते. पहिल्या बाजीरावाने १७३० साली या वाड्याचा पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, असे मी मास्तरणीच्या थाटात सांगत होते. पास बसचा, आत जायचे तिकीट वेगळे. ते आईला पटेना. "दरवाजा तर फुकट दिसतोय," म्हणून ती दिल्ली दरवाजासमोर उभी राहिली. माझे इतिहासकथन तिच्या कानांवरून जात होते. ती भिंत पाहत होती.

"खाली दगूड हाय आन् वर वीट," ती म्हणाली. "दगडाचं काम लई निगुतीचं हाय. मंग वर वीट का केली?"

मी चमकले. पुस्तकात ही हकीकत मी वाचली होती. दगडी बांधकामाचा मान छत्रपतींचाच, अशी तक्रार झाली आणि म्हणून पेशव्यांनी वरचे काम विटांत पुरे केले, असे सांगतात. ती हकीकत मला पाठ होती. पण शेकडो वेळा समोरून जाऊनही दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते, हे मी डोळ्यांनी पाहिले नव्हते. आईने दोन मिनिटांत पाहिले.

तिथून आगाखान पॅलेस. इथे मात्र मी हट्टाने तिकीट काढले. १८९२ साली बांधलेला हा महाल. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना, कस्तुरबांना आणि महादेवभाई देसाईंना इथे कैदेत ठेवले होते. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी इथेच गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. कमानींच्या लांबच लांब व्हरांड्याकडे पाहून आई म्हणाली, "तुरुंग म्हनायचा, पर केवढा!" मग समाधीपाशी आल्यावर पायांतल्या चपला काढून उभी राहिली.

"ही बाई पुन्हा घरी न्हाई गेली?"

"नाही."

"घर कुटं व्हतं तिचं?"

मी पोरबंदर म्हणावे, साबरमती म्हणावे की सेवाग्राम, या विचारात पडले. खरे सांगायचे तर या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. आई म्हणाली, "नवऱ्यामागं फिरनाऱ्या बाईला घर कुटलं," आणि चपला घालून चालू लागली. आम्ही झाडाखाली बसून भाकरी खाल्ली.

परत मनपाला येऊन निगडीची बस धरली. माझा बेत असा होता, की आधी थेट निगडीला जाऊन शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती शिल्प पाहायचे आणि येताना चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी करायची. बस जुन्या मुंबई रस्त्याला लागली. बोपोडी गेली आणि हॅरिस पूल आला. खाली मुळा नदी. हा पूल ओलांडला, की पुणे संपते आणि पिंपरी-चिंचवड सुरू होते. नुसते पाहून मात्र हे कळत नाही. तीच दुकाने, तेच फलक, डोक्यावरून जाणारी तीच मेट्रो. पुण्यात आम्ही या शहराला 'पिंपरीकडे' असे थोडे हात लांब करून म्हणतो. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभा राहिला, मग औद्योगिक वसाहत आली आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली. १९८२ साली इथे महापालिकाही झाली. हे सगळे मी आईला सांगत होते. ती खिडकीशी बसून बाहेर पाहत होती.

चिंचवड स्टेशन मागे पडले. आकुर्डी जवळ आली तशी आई एकदम सावरून बसली.

"हितं उतरायचं?"

"इथे काय आहे? आपल्याला निगडीला जायचंय. अजून पुढे आहे."

"तूच म्हनली न्हवं, कुटं बी उतरायचं?"

आम्ही उतरलो. खरे सांगते, मी मनातून चिडले होते. माझ्या यादीत आकुर्डी नव्हती. बस पुढे निघून गेली. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून दिशा घेत होती. "खंडोबाचं देऊळ ह्या अंगाला," ती स्वतःशीच म्हणाली आणि चालू लागली. मी मागे.

आई पूर्वी बिगारी कामाला जायची, हे मला माहीत होते. म्हणजे तेवढे एक वाक्य माहीत होते. घरात त्यावर कुणी बोलत नसे आणि मी कधी विचारले नव्हते. वडील अजूनही गवंडीकाम करतात. पण आईचे काम म्हणजे धुणीभांडी, हेच मी शाळेच्या फॉर्मपासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सर्वांना सांगत आले. चालता चालता ती बोलू लागली. गावाहून आल्यावर ती दोघे पहिल्यांदा आकुर्डीत उतरली. इमारतीचे काम चालू होते. तिथेच पत्र्याच्या खोपटात राहायचे आणि तिथेच काम करायचे. तुकोबांची पालखी पुण्याला जाताना आकुर्डीला मुक्काम करते. "पालखी आली तवा तू पोटात व्हतीस. मुकादमानं अर्धा दिस सोडलं. लांबूनच दर्शन घेतलं."

दोन गल्ल्या आम्ही चुकलो. जिथे मोकळे रान होते तिथे आता इमारतींच्या रांगा होत्या, आणि सगळ्या चारमजली, सगळ्यांचा रंग पिवळट. आई एका इमारतीपुढे थांबली, मग दुसरीपुढे. "उंबर व्हता दारात," ती म्हणाली. उंबर कुठेच नव्हता. शेवटी एका फाटकापाशी ती उभी राहिली. वॉचमन खुर्चीवरून उठला.

"कुनाकडं जायचंय?"

"कुनाकडं न्हाई. आमी हितं राहत व्हतो."

त्याने वही पुढे ओढली. "कोनत्या फ्लॅटला?"

"फ्लॅटला न्हाई," आई म्हणाली, "फ्लॅटच्या आदी."

त्याला कळले नाही. मग कळले. त्याने वही मिटली. बोलण्यावरून तोही आमच्याकडचाच, बीडचा निघाला. आईने त्याला सांगितले, की हीच इमारत की शेजारची, हे तिलाही नक्की सांगता येत नाही. पण जिना तिच्या लक्षात आहे. डोक्यावर घमेले घेतले, की खाली पाहता येत नाही. पायरी चुकली तर माल जातो आणि पायही जातो. म्हणून पायऱ्या मोजूनच चढायच्या. "पहिल्या वळनापातुर धा, फुडं आठ. बाकीच्या इमारतींना नऊ-नऊ व्हत्या. पोरगी जाऊन मोजून आली तर चालंल का?"

वॉचमनने मला हाताने खूण केली. मी आत गेले.

पायऱ्यांवर फरशी बसली होती. कोपऱ्यात कुणाची तरी सायकल, कुणाच्या तरी दारापुढे रांगोळी. मी मोठ्याने मोजत चढले. एक, दोन, तीन. दहाव्या पायरीला वळण आले. तिथे मी क्षणभर थांबले. पुढची मोजणी चुकू नये म्हणून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेले. आठ. पुन्हा खाली येताना मोजले. आठ आणि दहा.

परीक्षेचा निकाल सांगावा तसे मी खाली येऊन सांगितले, "दहा आणि आठ!"

आई म्हणाली, "मंग हीच." बस्स, एवढेच.

मग तिने दुचाकी गाड्या लावायच्या जागेकडे बोट केले. "हितं खोपाट व्हतं. आन् त्या खांबाला तुझी झोळी. मी माल घिऊन वर जायची आन् खाली येताना एकदा हलवायची." मी त्या खांबाकडे पाहिले. त्याला कुणाची तरी लाल स्कूटर टेकली होती. मी विचारले, "मग इथून का गेलो आपण?" ती म्हणाली, "काम संपलं की. इमारत हुबी ऱ्हायली की आपलं घर मोडायचं. मंग दुसरी साइट."

वॉचमनने पाणी दिले. आई खुर्चीवर बसली नाही. फाटकाशेजारी कठड्यावर बसली. दहा-पंधरा मिनिटे आम्ही तिथे होतो. ती रडली नाही, मीही नाही. वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होते, ते ती पाहत होती. निघताना वॉचमनने विचारले, "एवढ्या वर्षांत कधी आला न्हाईत?"

"कवातरी चिंचवडला पावन्यांकडं जाती की. बसमधून दिसायचं देऊळ," आई म्हणाली. "पर मधीच उतरलं तर फुडं पुन्हा तिकीट पडतं. आन् काम तर काय बी नसतंय."

या एका वाक्यावर मी त्या दिवसापासून विचार करते आहे. आपण म्हणतो, प्रवासाला पैसे लागतात. प्रवासाला लागतातच, पण मधेच उतरायला जास्त लागतात. ज्याच्याकडे मोजके पैसे असतात तो दोन टोकांच्या मधे कधी उतरत नाही. त्याचे शहर म्हणजे एक रेघ असते. घरापासून कामापर्यंत आणि कामापासून घरापर्यंत. चुकीच्या जागी उतरण्याची, सहज थांबण्याची, 'इथे काय असेल बरे' असे वाटण्याची चैन त्याला परवडत नाही. एका दिवसाच्या पासाने आम्हाला स्वस्त प्रवास दिला, हे खरे. पण त्याने आईला जे दिले ते निराळेच होते. त्याने तिला कारण नसताना उतरू दिले.

निगडी राहिली, मोरया गोसावीही राहिले. ऊन उतरले होते. आम्ही पुण्याकडे परतलो आणि मनपाहून दुसरी बस धरून पु. ल. देशपांडे उद्यानापाशी उतरलो. दहा एकरांची ही बाग जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे. ती मूळ बाग १७०० साली पुरी झाली आणि जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. ओकायामा आणि पुणे यांच्या मैत्रीची खूण म्हणून ही बाग इथे झाली. हिरवळीचे उंचवटे, मधून वाहणारे पाणी, त्यावरचे लहान पूल. माझ्या मैत्रिणीच्या वहीतला जपान असा दांडेकर पुलापासून एका तिकिटाच्या अंतरावर होता.

मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मंजी जपानला जायाचा खर्च वाचला!" पाण्यातले रंगीत मासे तिला फार आवडले. त्या कडेला बसून तिने चपला काढल्या आणि पाय चोळले. मी तिच्या टाचांकडे पाहिले. दहा आणि आठ, किती वेळा? मी गुणाकार करायला गेले. दिवसाच्या किती खेपा, असे तिला विचारणार होते. मग विचारले नाही. हिशोबाची हौस मला फार आहे, पण हा हिशोब मांडण्याचा अधिकार मला आहे, असे वाटले नाही.

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, "काय काय पाहिलं?" मी यादी सांगू लागले. आई चुलीपाशी वळली आणि म्हणाली, "आकुर्डीची ती इमारत हाय अजून. उंबर तेवढा तोडला."

वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जिना तसाच हाय?"

"तसाच. फरशी घातलीया."

या दोघांचे एक शहर आहे आणि त्यात मी जन्मले, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले. महाविद्यालयात येणारी मी आमच्या घरातली पहिली. मला वाटायचे, की घरात माहिती आणण्याचे काम माझे आहे. सनावळ्या मी सांगायच्या आणि आईने ऐकायच्या. त्या रविवारी मी सांगितलेल्यांपैकी आईला किती आठवते, मला ठाऊक नाही. तिने सांगितलेले दोन आकडे मात्र मी विसरणार नाही.

त्या पासांची मुदत त्याच दिवशी संपली. आईने आपला टाकला नाही. तो अजून आधार कार्डाच्या पिशवीत आहे. छपाई पुसट होत चालली आहे. मी एकदा तिला म्हटले, "हा आता चालायचा नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली. "निगडी ऱ्हायलीया न्हवं? तवा नवा काढू."